वंगणाचं नळकांडं ते डिफरन्शियल

परवा शनिवारी रहिमतपूरला गेलो होतो. तात्यांच्या (म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या) फोर-व्हील पिकअपच्या डिफरन्शियलचं ऑइल बदलायचं होतं, पुढचं आणि मागचंही. गेल्या वर्षीही हे काम मीच हौसेनं अंगावर घेतलं होतं आणि ऐन आलं काढणीत गाडी दोन दिवस अंगणात उभी ठेवली होती. ती हकीकत पुढे येईलच. आधी थोडा इतिहास.

प्रश्न तसा जुनाच आहे. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. बैलगाडीला याची फिकीर नव्हती. दोन्ही चाकं कण्यावर सुटी, ज्यानं त्यानं आपापलं फिरावं. आमच्या स्टेशनातून जाणाऱ्या रेल्वेचं मात्र उलटं. तिथे चाकांची जोडी आसाला पक्की बसवलेली. पण चाकाचा रुळावर टेकणारा भाग किंचित निमुळता असतो. वळणावर जोडी बाहेरच्या बाजूला सरकते, बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर चालतं, आतलं लहान व्यासावर, आणि हिशेब मिटतो.

मोटारीची अडचण अशी, की चाकांना इंजिनाची ताकद तर द्यायची, पण वेगवेगळं फिरायची मुभाही ठेवायची. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीनं १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर दातेरी चक्रांचं उत्तर काढलं. पुढे १८७७ साली इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ले यांनी तीनचाकी सायकलला डिफरन्शियल बसवलं. १९२६ च्या सुमारास पॅकार्डच्या मोटारींत हायपॉइड गिअर आले. त्यात पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खाली बसतं. त्यामुळे गाडी बुटकी करता आली, पण दाते एकमेकांवर जोरात घासू लागले. साधं तेल तिथे टिकेना, म्हणून गंधक-फॉस्फरसची द्रव्यं मिसळलेलं तेल आलं. हाताला दोन दिवस येणारा तो घाण वास त्याचाच!

दुसऱ्या महायुद्धात जीप आली आणि पुढच्या चाकांनाही डिफरन्शियल लागलं. स्वातंत्र्यानंतर महिंद्रनं मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. आमच्या तात्यांची पिकअप त्याच वळणाची: गरज पडली तरच पुढची चाकं जोडायची. मधे तिसरं डिफरन्शियल नाही, म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकायचं नसतं.

आता गेल्या वर्षीची हकीकत. गाडी फिरवून ऑइल गरम केलं, सपाट जागी लावली, खालचा प्लग काढला. जुनं ऑइल घमेल्यात भळाभळा आलं. मग वरचा, भरायचा प्लग काढायला गेलो, तर तो गंजून बसलेला! पाना घसरला, कडा गोल झाल्या. डिफरन्शियल रिकामं, भरायला वाट नाही. सर्व्हरवर बॅकअप तपासल्याशिवाय काही पुसत नाही मी. इथे मात्र ते सुचलं नाही. तात्या एवढंच म्हणाले, "आधी भरायचं भोक उघडतंय का बघायचं, लेका."

यंदा तेच आधी केलं. खालच्या प्लगच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट होती. ती चालते, दात्यांचे तुकडे निघाले तर काळजी. ऑइल दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलं नव्हतं. श्वासनळीचा पाइप साफ केला. पुस्तिकेतल्या ग्रेडचंच ऑइल पिचकारीनं भरलं, भोकाच्या काठाशी येईपर्यंत. जुनं ओढ्यात न ओतता कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला दिलं.

काम झाल्यावर तात्या बैलगाडीला टांगलेल्या वंगणाच्या नळकांड्याबद्दल सांगत बसले. चाक करकरलं की थांबायचं आणि वंगण घालायचं. डिफरन्शियल बंद पेटीत गेलं आणि ती करकर ऐकू येईनाशी झाली. ऐकू येतं तेव्हा बहुतेक दाते गेलेले असतात. म्हणून करकर होण्याआधीच, तारीख लिहून ठेवून उघडायचं. मी दाराच्या आतल्या बाजूला खडूनं तारीख लिहिली. तात्यांनी ती पुसून ऑइलपेंटनं लिहिली.

असो. सोमवारी ऑफिसात शेजारच्यानं विचारलंच, "कसला रे वास येतोय?"