हिरव्या पानामागचं माप

कुरियरच्या गाडीवर हिरवं पान रंगवलेलं दिसलं की मी विचारतो, मोजलं काय? डॉइच पोस्ट डीएचएलने २००८ साली जाहीर केलं: २०२० पर्यंत कार्बन-कार्यक्षमता २००७ च्या तुलनेत ३० टक्क्यांनी सुधारू. २०१६ मध्येच ते साधलंही. खोटं काहीच नाही! पण हे माप नगामागचं, टनामागचं. माल भरपूर वाढला तर एकूण धूर वाढूही शकतो की. २०१७ मध्ये मग २०५० पर्यंत शून्य उत्सर्जनाची घोषणा झाली.

ॲमेझॉनची गंमत वेगळी. २०१९ मध्ये 'शिपमेंट झिरो' वाजतगाजत आलं: २०३० पर्यंत निम्मी पार्सलं निव्वळ शून्य. २०२३ मध्ये ते गाजावाजा न करता मागे घेतलं. विचारल्यावर उत्तर काय, तर २०४० चं व्यापक वचन आहेच! पार्सलांपुरता २०३० चा आकडा मात्र गेला.