कॅनिंगची वाट आणि वाटेवरचे पाणी

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर विलुना नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथून ईशान्येकडे हॉल्स क्रीक या गावापर्यंत एक तुटक रेघ काढलेली असते. ही रेघ सुमारे १८५० किलोमीटर, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने साडेअकराशे मैल लांब. ती लिटल सँडी, गिब्सन, ग्रेट सँडी आणि तनामी अशा चार वाळवंटांना स्पर्श करीत जाते, आणि वाटेत वाळूची नऊशेच्या आसपास टेकाडे ओलांडावी लागतात. तिचे नाव कॅनिंग स्टॉक रूट. स्टॉक रूट म्हणजे गुरे हाकत नेण्याची वाट. १९५९ नंतर मात्र या वाटेने गुरांचा कळप गेलेला नाही. आता तिथे जातात ते साहसाचे हौशी लोक. बहुतेक मोटारींतून जातात, थोडे उंटांबरोबर, आणि अगदी मोजके पायी. पायी जाणारा आपले पाणी आणि शिधा एका हातगाडीवर घालून ती स्वतः ओढतो. अलीकडे त्याच्या सामानात कॅमेरा हटकून असतो, आणि प्रवास संपल्यावर त्याचा एक चित्रपट होतो.

अशा चित्रपटांत प्रेक्षकाला काय दिसते? तांबडी वाळू, स्पिनिफेक्स या काटेरी गवताचे झुबके, वर निळे आकाश आणि मध्ये एक एकटा माणूस. सोबतच्या निवेदनात 'निर्जन' हा शब्द वारंवार ऐकू येतो. चालणाऱ्याच्या धाडसाबद्दल आम्हांस आदरच आहे. १९७६ साली काही मंडळींनी हातगाड्या ओढीत ही वाट पायी पार केली, ती गोष्ट सोपी नव्हे. पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्या एका शब्दापाशी थांबणे भाग आहे. ही भूमी निर्जन होती, की ती तशी झाली?

वाट मुळात निघाली ती एका किड्यामुळे, असे म्हटले तर श्रोत्यांस हसू येईल. पण ते खरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कूलगार्डी आणि कालगुर्ली येथे सोने सापडले आणि दक्षिणेत माणसांची एकच गर्दी उसळली. त्या गर्दीला मांस हवे होते. उत्तरेस किंबर्ली प्रांतात गुरे भरपूर होती. परंतु पूर्व किंबर्लीच्या गुरांना गोचीड लागलेली असे, आणि गोचीडतापाची साथ पसरेल या भीतीने ती जहाजाने दक्षिणेस आणण्यास बंदी होती. याचा लाभ अर्थातच पश्चिम किंबर्लीच्या पशुपालकांना झाला. बाजार त्यांच्या मुठीत गेला. तेव्हा पूर्वेकडच्या लोकांचा कैवार घेऊन जेम्स इझडेल नावाच्या विधिमंडळाच्या सभासदाने १९०५ च्या सुमारास सुचविले की, गुरे वाळवंटातून पायी आणावीत. त्या कोरड्या हवेत गोचीड वाटेतच मरून जाईल. युक्ती नामी होती. प्रश्न एवढाच होता, की गुरे काय पिणार?

हा प्रश्न सोडविण्यासाठी सरकारने आल्फ्रेड कॅनिंग या मोजणीदाराची नेमणूक केली. सशांना अडविण्यासाठी जे शेकडो मैलांचे प्रसिद्ध कुंपण घातले गेले, त्याची मोजणी याच गृहस्थाने केली होती. चिवटपणात त्याचा हात धरणारा विरळा. १९०६ साली आठ माणसे आणि २३ उंट घेऊन तो विलुनाहून निघाला. (उंट हा ऑस्ट्रेलियाचा प्राणी नव्हे. १८६० साली मेलबर्नला जे २४ उंट उतरले ते कराचीहून गेले होते, आणि कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत होती. तेव्हा या कथेला आपल्या जुन्या इलाख्याचाही एक धागा लागलेला आहे.) १९०७ च्या आरंभी कॅनिंग हॉल्स क्रीकला पोहोचला आणि त्याच वर्षी परत विलुनाला आला. परतीच्या वाटेवर त्याच्या तुकडीतील मायकेल टोबिन हा एका आदिवासीच्या भाल्याने मेला. टोबिनच्या गोळीने तो आदिवासीही मेला.

आता पाणी कसे सापडले ते पाहू. वाळवंटातले पाणी दुरून दिसत नाही. ते झिऱ्याचे असते. वाळू उकरावी, पाणी पाझरून येण्याची वाट पाहावी, गरजेपुरते घ्यावे आणि तोंड पुन्हा झाकून टाकावे, अशी तिथल्या लोकांची रीत. कोणता झिरा कोणत्या ऋतूत भरतो आणि तिथे जाण्याचा अधिकार कोणत्या कुळाचा, हे ज्ञान गाण्यांतून आणि कथांतून पिढ्यानुपिढ्या चालत आलेले. परक्याला ते आपणहून कोण सांगणार? म्हणून कॅनिंगच्या तुकडीने माणसे पकडली. त्यांच्या गळ्यांत साखळ्या घातल्या. तहानेने व्याकूळ झालेला माणूस पाण्याकडेच जाईल, हा त्यामागचा सरळ तर्क. कॅनिंगच्या आधी दहा वर्षे डेव्हिड कार्नेगी या प्रवाशाने तर पकडलेल्यांना खारवलेले मांस खायला घातले होते, आणि ही हकीकत त्याने स्वतःच्याच पुस्तकात छापून प्रसिद्धही केली होती.

कॅनिंगचे वर्तन उजेडात आणले ते त्याच्याच स्वयंपाक्याने. एडवर्ड ब्लेक हे त्याचे नाव. परत आल्यावर त्याने तक्रार केली, आणि १९०८ साली चौकशीसाठी आयोग बसला. साखळ्या वापरल्याचे कॅनिंगने नाकारले नाही. आयोगाने साखळ्यांबद्दल नापसंती दर्शविली. मात्र एकंदरीत तुकडीचे वागणे वाजवी ठरवून सर्वांना दोषमुक्त केले. हातातला डाव आणि चूल सोडून सरकारी अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिलेल्या या स्वयंपाक्याचे पुढे कोठे स्मारक झाल्याचे आमच्या वाचनात नाही. वाटेला नाव मिळाले ते कॅनिंगचे.

त्याच वर्षी कॅनिंग पुन्हा निघाला, या खेपेस विहिरी खोदावयास. ३१ माणसे, ७० उंट, शंभर टन सामान आणि दूध-मांसासाठी अडीचशेहून अधिक शेळ्या, असा तो लवाजमा होता. १९१० साली काम पुरे झाले. १ पासून ५१ पर्यंत आकडे घातलेली पाणवठ्यांची ही माळ, आठशे गुरांचा कळप प्यायला तरी पुरावे अशा बेताची. यांतील पुष्कळशा विहिरी आदिवासींच्या जुन्या झिऱ्यांवरच खोदलेल्या होत्या. झिरा हाताने उकरता येत होता. विहीर खोल, तिचा पोहरा जड. तो उंटाच्या जोरावर किंवा अनेक गड्यांच्या बळावर वर यावयाचा. आपल्याकडची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावयास नको. लहान मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबाने तिथले पाणी काढावे कसे? पूर्वी जे आपले होते तेच पाणी आता डोळ्यांना दिसे आणि हाताला लागत नसे. लोकांनी विहिरी मोडल्या, बुजविल्या. या मोडतोडीला सरकारी कागदांत नासधूस म्हटले आहे.

१९११ साली पहिले कळप निघाले. त्यांपैकी एका कळपाबरोबरचे टॉमसन आणि शूस्मिथ हे दोघे गोरे आणि एक आदिवासी गुराखी ३७ क्रमांकाच्या विहिरीपाशी मारले गेले. पाठोपाठ पोलिसांची तुकडी पारिपत्यासाठी गेली आणि तिने निदान दहा आदिवासींना ठार केले. एवढे होऊन व्यापार किती झाला? पहिल्या वीस वर्षांत अवघे आठ कळप. १९२९-३० मध्ये विहिरींची दुरुस्ती झाली. अर्धेअधिक काम दुसऱ्याच्या हातून झाल्यावर उरलेले पुरे करावयास सत्तरीला टेकलेला कॅनिंग पुन्हा वाळवंटात गेला. त्यानंतर रहदारी थोडी वाढली, पण १९५९ साली शेवटचा कळप गेला आणि वाट ओस पडली.

वाट ओस पडली म्हणजे भूमी ओस पडली असे नव्हे. याचा पुरावा एका चित्रफितीत आहे. १९६४ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथून 'ब्लू स्ट्रीक' नावाचे अग्निबाण सोडण्याचे ठरले. त्यांचे अवशेष याच वाळवंटात पडावयाचे होते. टापूत कोणी माणसे आहेत काय, हे पाहण्यासाठी दोन गस्ती अधिकारी मोटारी घेऊन निघाले. पर्सिव्हल सरोवरांच्या खारट पट्ट्यात त्यांना मार्तु लोकांचा एक जमाव आढळला: वीसच जणी-जणांचा, सगळ्या बायका आणि मुले. अधिकाऱ्यांजवळ कॅमेरा होता, तो त्यांनी चालविला. अखेर त्या सर्वांना जिगलाँग येथील मिशनच्या वस्तीत नेण्यात आले. त्या जमावात युवाली नावाची सतरा वर्षांची मुलगी होती. २००९ साली 'काँटॅक्ट' या नावाचा बोलपट निघाला. त्यात ती जुनी चित्रे आहेत, आणि वृद्ध झालेली युवाली स्वतः ती हकीकत सांगते. मोटार प्रथम दिसली तेव्हा खडकच जिवंत होऊन चालत येत आहे असे तिला वाटले, मुले लपली. अधिकाऱ्यांच्या लेखी ही एक शोधमोहीम होती. तिच्या लेखी तो दिवसेंदिवस चाललेला पाठलाग होता. चित्रे तीच. ती कोण सांगतो आहे एवढ्याने त्यांचा अर्थ पालटतो. पायी जाणाऱ्या कोणत्याही प्रवाशाने कॅमेरा उचलण्याआधी हा बोलपट पाहावा, असे आमचे मत आहे.

वाटेवरच जन्मलेल्या आणखी एकाची कथा सांगण्याजोगी आहे. रोव्हर टॉमस हा १९२६ च्या सुमारास ३३ क्रमांकाच्या विहिरीच्या परिसरात जन्मला. आई वारल्यावर वॉली डाउलिंग नावाचा गुरे हाकणारा त्या पोराला आपल्याबरोबर उत्तरेस घेऊन गेला. तो गुराखी झाला, म्हातारपणी चित्रकार झाला, आणि १९९० साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याची चित्रे लागली. ज्या वाटेने अनेकांची भूमी तोडली, तिनेच काहींना बाहेरचे जगही दाखविले. मार्तु आणि त्यांच्या शेजारी जमातींचे वृद्ध लोक या वाटेविषयी बोलतात तेव्हा मारहाण आणि दुरावा यांच्या जोडीला कळपांमागे घालविलेल्या तरुणपणाचा अभिमानही बोलतात. इतिहासकाराला हे दोन्ही लिहिले पाहिजे. सोयीचे तेवढेच निवडून चालणार नाही.

२००७ साली या जमातींतील बरेच चित्रकार आणि वृद्धजन सहा आठवडे या वाटेवर फिरले. ठिकठिकाणच्या पाण्यापाशी थांबले, तिथेच रंग काढून बसले, गोष्टी सांगू लागले. आणि त्यांच्यातल्याच तरुणांनी कॅमेरे हाती घेऊन ते सारे टिपले. त्यातून कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१० साली 'यिवारा कुजू', म्हणजे 'एकच वाट', हे प्रदर्शन भरले. त्यातल्या चित्रांत कॅनिंगची सरळ रेघ कुठे बारीकशी, तर कुठे मुळीच नाही. पाणवठे मात्र आहेत, आणि त्यांना जोडणाऱ्या, चहूकडे जाणाऱ्या कितीतरी वाटा आहेत.

हौशी प्रवाशाच्या चित्रपटात एक खारट सरोवर हमखास येते. १८९७ साली फ्रँक हान हा शोधक ओढ्यांच्या प्रवाहाचा माग काढीत तिथे गोड्या पाण्याच्या आशेने आला. पाहतो तो सारे मीठ. त्याने नाव ठेवले 'लेक डिसअपॉइंटमेंट', निराशेचे सरोवर. मार्तु लोक त्याला कुंपुपिंतिल म्हणतात. त्याच्या तळाखाली नरभक्षक राहतात अशी त्यांची कथा आहे. बिली अ‍ॅटकिन्स या मार्तु चित्रकाराने ती अनेकदा रंगविली, आणि पुढे तिचा एक हलत्या चित्रांचा लघुपटही झाला. २०२० साली सरकारने जुने नाव परत केले. आज या वाटेने जाणाऱ्याला भूमीच्या मालकांचे परवाने आधी घ्यावे लागतात. तो प्रवासी सरोवराच्या काठी पोहोचतो, पांढऱ्याशुभ्र मिठावर मावळते ऊन पडलेले पाहून हरखून जातो आणि कॅमेरा लावून बसतो. मार्तु मंडळी मात्र त्या काठाला मुक्काम करीत नाहीत.