पाणी न देता आलेला कठीणपणा

३१६एल जातीच्या स्टेनलेस स्टीलला पाणी देऊन कडक करता येत नाही. तापवा, विझवा, ते मऊच राहतं. कठीण करायचं तर थंड असतानाच ठोकायचं, लाटायचं किंवा ओढायचं. पण याच स्टीलची पूड लेझरने थरावर थर वितळवत वस्तू घडवली, म्हणजेच छापली, की ती यंत्रातून बाहेर येतानाच कठीण असते. या गुणाचं कूळ शोधायला लेझरच्या बरंच मागे, आम्ल आणि सूक्ष्मदर्शकापर्यंत जावं लागतं.

शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६३ मध्ये पोलादाचा तुकडा गुळगुळीत घासला, त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल फिरवलं आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आम्लाने कणांच्या सीमा कोरल्या; पोलादाच्या आत घडण असते हे डोळ्यांना दिसलं. त्याच शहरात १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज रोखणारं पोलाद शोधत होते. त्यांच्या क्रोमियमयुक्त नमुन्यांना आम्ल नीट चावेना. एका तपासणीची अडचण हाच एका नव्या धातूचा शोध ठरला!

ब्रेअर्लींचं पोलाद मात्र सुऱ्यांचं, पाणी धरणारं. ३१६एलचं घराणं जर्मनीतल्या एसेनचं. क्रुप कंपनीत मॉरर आणि स्ट्राउस यांनी १९१२ च्या सुमारास क्रोमियमला निकेलची जोड दिली. निकेलमुळे स्फटिकांची तापलेल्या अवस्थेतली मांडणी थंड झाल्यावरही तशीच राहते, आणि पाणी दिल्यावर पोलाद ज्या बदलाने कडक होतं तो बदल इथे होतच नाही.

कठीणपणा मोजायला धातूवर गोळी दाबून ठसा मोजण्याची ब्रिनेल यांची रीत होतीच. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिकर्स कंपनीत स्मिथ आणि सँडलंड यांनी गोळीच्या जागी १३६ अंशांचं हिऱ्याचं टोक आणलं. इवल्याशा ठशाचे कर्ण मोजून कठीणपणाचा आकडा मिळू लागला.

१९६० हे वर्ष मला दुहेरी महत्त्वाचं वाटतं. मायमन यांनी पहिला लेझर चालवला, आणि त्याच वर्षी पॉल डुवेझ यांनी सोनं-सिलिकॉनचं मिश्रण विलक्षण वेगाने थंड करून दाखवलं की वेग बदलला तर धातूची घडणच बदलते. हे दोन धागे १९९० च्या दशकात आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेत एकत्र आले. तिथे धातूची पूड लेझरने पूर्ण वितळवण्याची रीत आकाराला आली.

लेझरचा ठिपका पुढे सरकला की वितळलेला धातू सेकंदाला लाखो अंशांच्या गतीने थंडावतो. स्फटिकांना ऐसपैस वाढायला वेळच मिळत नाही. प्रत्येक स्फटिककणाच्या आत मधाच्या पोळ्यासारखी, एका मायक्रॉनहूनही लहान कोठड्यांची जाळी तयार होते. कोठड्यांच्या भिंतींत स्फटिकदोषांचा, म्हणजे विस्थापनांचा, दाट गुंता असतो आणि बऱ्याचदा क्रोमियम-मॉलिब्डेनम जास्त असतं. धातू वाकतो तो विस्थापनं सरकतात म्हणून. भिंती त्यांची वाट अडवतात. म्हणून तापवून मऊ केलेल्या ३१६एलचा व्हिकर्स आकडा १५० च्या आसपास असतो, तर छापलेल्याचा बहुधा २०० च्या पुढे जातो. २०१८ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखवलं की हे बळ येताना ताणलं जाण्याची क्षमता गमवावी लागत नाही. बळ वाढलं की ठिसूळपणा येणारच, या जुन्या समजाला इथे खरा धक्का बसला.

पण ही घडण उष्णतेपुढे नाजूक आहे. हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की भिंती विरघळतात आणि आकडा खाली येतो. छपाईत साठलेले अंतर्गत ताण काढायला भट्टी लावावीच लागते, तेव्हा ती बरीच कमी तापमानाला ठेवली तरच हा कठीणपणा टिकतो.