परगावचा पैसा आणि सूक्ष्मवित्त संस्था (बेळगाव–निपाणी सीमाभाग)

परगावी कमावणाऱ्याने घरी धाडलेली रक्कम गरीब कुटुंबाच्या हातात वेळेवर आणि पुरती पडावी, यासाठी लहान कर्जे देणाऱ्या संस्था करू शकतात ते काम. सीमाभागात असा पैसा गोवा, पुणे, कोल्हापूर इकडच्या मजुरीतून आणि फौजेतल्या नोकरीतून येतो. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने जवानाची मनीऑर्डर इथल्या खेड्यांच्या ओळखीची. टपाल खात्याने १८८० मध्ये सुरू केलेल्या या सेवेत पोस्टमन दारात नोटा मोजून देई. २०१० मध्ये आयएमपीएस ही खात्यातून खात्यात झटपट पैसे पाठवण्याची सेवा आली आणि रक्कम क्षणात खात्यात पडू लागली. खात्यातून ती हातात येणे मात्र सोपे झाले नाही. सूक्ष्मवित्ताचा उपयोग होतो तो इथे.

नोंदणीकृत सूक्ष्मवित्त कंपनी कर्ज देते. तिला ठेवी घेता येत नाहीत, म्हणून लोकांची रक्कम ती स्वतःकडे सांभाळू शकत नाही. तिला बँकेचा व्यवसाय प्रतिनिधी, बोलीभाषेत ‘बीसी’, व्हावे लागते. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये सेवाभावी आणि सहकारी संस्थांना आणि २०१४ मध्ये ठेवी न घेणाऱ्या वित्त कंपन्यांना ही मुभा दिली. कर्नाटकात श्रीक्षेत्र धर्मस्थळ ग्रामीण विकास योजना बचत गटांसाठी असेच बँकांचे प्रतिनिधित्व करते. दुसरी वाट स्वतःच बँक होण्याची : बंगळूरची उज्जीवन २०१७ मध्ये लघुवित्त बँक झाली. सौहार्द या सहकारी पतसंस्था सभासदांच्या ठेवी घेतात, दारोदार पिग्मी म्हणजे रोजची छोटी बचतही गोळा करतात. पिग्मी एजंटाचा रोजचा फेरा हे पैसे पोचवण्यासाठी तयार जाळेच आहे; फक्त पाठीशी बँक हवी.

बीसीकडचा व्यवहार थोडक्यात असा : आधार क्रमांक, यंत्रावर बोट, खातरजमा, रोख आणि छापील पावती. निपाणीत अडते ते बोटापाशी. वर्षानुवर्षे विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांचे ठसे झिजतात आणि खात्यात पैसे असून यंत्र तिला ओळखत नाही. अशा वेळी एटीएम कार्ड किंवा चेहऱ्यावरून ओळख हा पर्याय हाताशी असावा लागतो. प्रतिनिधीने ग्राहकाकडून परस्पर दलाली घ्यायची नाही. ‘शंभरामागे दोन’ कापणारा नियम मोडतो. कमावणारा परदेशात असेल, तर एमटीएसएस या तिकडून पैसे आणण्याच्या योजनेखाली एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत रक्कम येते, त्यातले ५०,००० रुपयांपर्यंत रोखीने मिळू शकतात.

खरी अडचण यंत्रात नाही. पैसे देणारा आणि हप्ता वसूल करणारा एकच असला, की मुलाने धाडलेली रक्कम घरी पोचण्याआधीच कापली जाण्याची भीती असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार कुटुंबाचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नयेत. या उत्पन्नात बाहेरून येणारा पैसाही धरला जातो. त्यामुळे नियमित रक्कम येणाऱ्या घराला कर्ज सहज मिळते, आणि जास्तही. सक्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला. तरीही रक्कम देण्याची जागा, दिवस आणि माणूस वसुलीपासून वेगळे ठेवणे संस्थेच्याच हाती राहते.