निगेटिव्ह म्हणजे नक्की काय? वासरमन चाचणी आणि संशयाचा इतिहास



आजचा विषय थोडा अवघडल्यासारखा वाटेल, पण वैद्यकाच्या इतिहासात संशोधन करायचं असेल तर तो टाळून चालणार नाही. एखाद्याचा शरीरसंबंध येतो. नंतर आजाराची भीती बसते. तो रक्त तपासतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि तरीही भीती जात नाही. मग दुसरी लॅब, तिसरी लॅब. आपल्याला वाटतं, हे सगळं इंटरनेटमुळे झालं. तसं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय डॉक्टरांच्या लिखाणात अशा रुग्णांसाठी ‘सिफिलोफोबिया’ असा स्वतंत्र शब्दच सापडतो. आपण मराठीत त्याला उपदंशभय म्हणू.

या भीतीकडे ‘वेडगळपणा’ म्हणून बघितलं की संशोधन तिथेच संपतं. म्हणून प्रश्न जरा बदलून विचारूया. रिपोर्टवर विश्वास ठेवावा असं रिपोर्टमध्ये काय असतं? आणि तो विश्वास कधी, कसा तयार झाला?

चाचणी नव्हती तेव्हा

उपदंशाला आपल्याकडे बोलीत ‘गरमी’ म्हणतात. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथात त्याला ‘फिरंग रोग’ म्हटलं आहे, म्हणजे फिरंग्यांबरोबर आलेला. या रोगाची खोड अशी की पहिला व्रण आपोआप बरा होतो. नंतर अंगावर पुरळ येतं, तेही जातं. मग कित्येक वर्षं काहीच दिसत नाही, आणि काही जणांच्या बाबतीत पुढे हृदय किंवा मेंदू बिघडतो. ज्याला वेड्यांचा पक्षाघात म्हणत, त्या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू नोगुची आणि मूर यांनी १९१३ मध्ये दाखवले.

आता त्या काळातल्या माणसाच्या जागी उभे राहा. लक्षणं नाहीत म्हणजे रोग नाही, असं त्याला कोण सांगणार? डॉक्टरही सांगू शकत नव्हता. उपचार म्हणून पारा दिला जाई आणि त्याने दात हलत, तोंडाला लाळ सुटे. थोडक्यात, त्याची भीती त्या काळच्या ज्ञानाशी सुसंगत होती. जुन्या रुग्णाला आजच्या माहितीच्या फूटपट्टीने मोजू नका, हा पहिला धडा.

१९०६: रक्त बोलायला लागलं

१९०५ मध्ये बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना उपदंशाचा जंतू दिसला. पुढच्याच वर्षी आउगुस्ट फॉन वासरमन, नायसर आणि ब्रुक यांनी रक्ताची चाचणी जाहीर केली. तिचं तत्त्व बोर्दे आणि झांगू यांनी १९०१ मध्ये मांडलेलं होतं.

चाचणी कशी चाले? रुग्णाच्या रक्तातला द्रव, उपदंश झालेल्या गर्भाच्या यकृताचा अर्क आणि गिनीपिगच्या रक्तातलं ‘कॉम्प्लिमेंट’ नावाचं द्रव्य एकत्र करायचं. रुग्णाच्या रक्तात प्रतिद्रव्यं असतील तर कॉम्प्लिमेंट तिथेच खर्ची पडतं. मग मेंढीच्या तांबड्या पेशी आणि त्या फोडायला मदत करणारा द्रव घालायचा. कॉम्प्लिमेंट शिल्लक असेल तर पेशी फुटतात, ही झाली निगेटिव्ह. पेशी शाबूत राहून तळाशी बसल्या तर पॉझिटिव्ह. मधलं काही दिसलं तर? तंत्रज्ञ डोळ्यांनी बघून अधिक चिन्हं देई: एक, दोन, तीन, चार.

म्हणजे कागदावरच्या एका शब्दामागे मेंढी, गिनीपिग, अर्क आणि बघणाऱ्याचा सराव, एवढं सगळं उभं होतं. रुग्णाच्या हातात मात्र फक्त तो शब्द पडे.

आता गंमत बघा. १९०७ मध्येच लक्षात आलं की उपदंश झालेलं यकृत लागतच नाही. निरोगी अवयवाचा अल्कोहोलमधला अर्कही चालतो. पुढे गाईबैलांच्या हृदयाचा अर्क नेहमीचा झाला आणि १९४१ मध्ये मेरी पँगबोर्न यांनी त्यातलं कार्डिओलिपिन हे द्रव्य वेगळं केलं. याचा अर्थ काय? चाचणी जंतूला ओळखतच नव्हती. शरीरात होणाऱ्या एका प्रतिक्रियेला ओळखत होती, आणि ती प्रतिक्रिया उपदंशात बहुतेक वेळा होते. ‘उपदंशाची चाचणी’ आणि ‘उपदंशात बहुतेकदा पॉझिटिव्ह येणारी चाचणी’ या दोन गोष्टी एक नाहीत.

याच चाचणीवर ल्विव्हमधल्या लुडविक फ्लेक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वासरमन यांची मूळ गृहीतकं टिकली नाहीत, सुरुवातीचे प्रयोग पुन्हा करून तसेच येत नव्हते, तरी चाचणी उपयोगी ठरली. कारण अनेक प्रयोगशाळांतल्या अनेक अनामिक लोकांनी प्रमाणं बदलत, हात बसवत ती घडवली. वैज्ञानिक तथ्य समूहातून घडतं, हा विचार त्याने इथून मांडला. १९६२ मध्ये थॉमस कून यांनी आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत फ्लेकचा उल्लेख केला आणि १९७९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला. सेट-नेटला विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर प्रश्न येतात तेव्हा कून सगळ्यांना आठवतो, फ्लेकही लक्षात ठेवा.

पॉझिटिव्ह, पण रोग नाही

हळूहळू दिसू लागलं की कुष्ठरोग, मलेरिया अशा आजारांतही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. आपल्यासारख्या देशात, जिथे मलेरिया घरोघरी होता, तिथे याचा अर्थ किती गंभीर होतो याचा विचार करा. ताप येऊन गेलेल्या माणसाच्या कपाळी गुप्तरोगाचा शिक्का बसू शकत होता.

अमेरिकेत १९३५ मध्ये कनेटिकट राज्याने लग्नाआधी रक्ततपासणी सक्तीची केली आणि इतर राज्यं मागोमाग आली. आता चुकीच्या पॉझिटिव्ह रिपोर्टची किंमत फक्त औषधापुरती राहिली नाही. ठरलेलं लग्न, अब्रू, जोडीदाराचा विश्वास, सगळं त्या कागदावर टांगलं गेलं.

दुसरा एक वर्ग होता ‘वासरमन-फास्ट’ रुग्णांचा. १९१० मध्ये एर्लिख आणि हाता यांचं साल्वरसान आलं. काही जण त्यावर पूर्ण उपचार घेत, लक्षणं जात, पण चाचणी काही निगेटिव्ह होत नसे. मग आणखी सुया, आणखी पारा, आणखी बिस्मथ. उपचार रोगावर नव्हे, रिपोर्टवर चाललेला!

१९४९ मध्ये नेल्सन आणि मेयर यांनी प्रत्यक्ष जिवंत जंतू वापरणारी नवी चाचणी आणली. तेव्हा खात्रीने सांगता येऊ लागलं की वर्षानुवर्षं ‘पॉझिटिव्ह’ म्हणून जगलेल्या काही लोकांना उपदंश कधी झालाच नव्हता. त्यांच्यातल्या काही जणांना, विशेषतः स्त्रियांना, पुढे ल्यूपस हा वेगळाच आजार झाल्याचं आढळलं. त्यांनी किती वर्षं स्वतःवर आणि नवऱ्यावर संशय घेतला असेल, हे कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

निगेटिव्ह, पण कधीची?

२ मार्च १९८५ रोजी अमेरिकेत एचआयव्हीच्या पहिल्या एलायझा चाचणीला परवाना मिळाला. भारतात १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन यांच्या गटाला पहिले संसर्ग सापडले. एलायझाचा तातडीचा हेतू रक्तपेढीतलं रक्त गाळून घेणं हा होता. त्यामुळे एकही दूषित पिशवी सुटू नये याकडे कल होता, आणि चुकून पॉझिटिव्ह येणाऱ्यांसाठी दुसरी खातरजमा चाचणी लागे.

इथे ‘विंडो पीरियड’ हा शब्द लोकांच्या तोंडी आला: संसर्ग झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंतचा काळ. सुरुवातीच्या चाचण्यांत तो मोठा होता, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा तपासा असा सल्ला सर्रास दिला जाई. आज प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी प्रतिद्रव्यांबरोबर विषाणूचा अंशही शोधते. अमेरिकेच्या सीडीसीनुसार ती साधारण १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते. पण लोकांच्या मनातले सहा महिने गेले नाहीत. घाबरलेला माणूस १९९० चा सल्ला आजच्या चाचणीला लावतो. आपल्या भाषेत सांगायचं तर साधनाची तारीख न बघता संदर्भ दिल्यासारखंच झालं हे.

तिसरा प्रश्न: तपासलं कोणाला? १९८८ मध्ये इलिनॉय राज्याने लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ अर्जदारांत ८ जण बाधित निघाले. म्हणजे जवळपास नऊ हजारांत एक. आता समजा, एखादी चाचणी हजार निरोगी माणसांत फक्त एकदा चुकते. चांगलीच म्हणायची की! तरी इथे सुमारे ७१ जण चुकून पॉझिटिव्ह येतील आणि खरे फक्त ८. पहिल्या पॉझिटिव्हवर घाबरून निष्कर्ष का काढू नये, आणि खातरजमा का करतात, ते इथे कळतं. याची उलट बाजूही लक्षात घ्या: धोका कमी असलेल्या माणसाचा, योग्य वेळी केलेला निगेटिव्ह रिपोर्ट फारच भरवशाचा असतो. इलिनॉयने तो कायदा १९८९ मध्ये मागे घेतला.

मराठीत साधनं कुठे शोधाल?

रुग्णाचा आवाज दवाखान्याच्या नोंदीत क्वचित सापडतो. तो बघायचा तर र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ उघडा. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं चाललेल्या या मासिकात वाचक लैंगिक प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी निकाल विरोधात गेला. माणसाला विचारायला दुसरी जागाच नसेल तर शंका किती वाढत असेल, याचा अंदाज या खटल्यावरून येतो. जोडीला त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या गुप्तरोगांवरच्या औषधांच्या जाहिराती वाचा. भीतीवर धंदा कसा चाले ते दिसेल. मात्र छापलेलं पत्र संपादकाने निवडलेलं असतं, हे विसरू नका.

शेवटी, दोन गोष्टी

संशोधन करणाऱ्यांसाठी: ‘चाचणी’ हा शब्द सगळ्या काळात एकच वस्तू दाखवत नाही. कोणत्याही वैद्यकीय आकड्याला तीन प्रश्न विचारा. नेमकं काय मोजलं? कधी मोजलं? कोणात मोजलं? प्रबंध आरोग्याचा नसला तरी हे प्रश्न कामाला येतील.

आणि वाचणाऱ्यांपैकी कोणी स्वतःच या भीतीत असेल तर हेच तीन प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवा. संबंध ७२ तासांच्या आतला असेल तर थांबू नका. एचआयव्ही रोखणारी औषधं तेवढ्यातच सुरू करावी लागतात. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी आणि समुपदेशन मोफत मिळतं. १०९७ ही हेल्पलाइनही आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली, रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि तरीही मन मानत नसेल, तर चौथ्यांदा रक्त देऊन उपयोग नाही. तिथे राहिलेला प्रश्न बहुतेकदा जंतूंचा नसतो. तो अपराधीपणाचा असतो, लाजेचा असतो किंवा नुसत्या चिंतेचा असतो. त्याबद्दल बोलायला समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ आहेत. उपदंशभयाच्या रुग्णाला शंभर वर्षांपूर्वी ती सोय क्वचितच मिळे.

काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. नाव न देता विचारलंत तरी चालेल.