पंतोजीपासून अंगणवाडीपर्यंत : एका प्रेरणेचा इतिहास



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून राज्यकारभार, धर्म आणि अर्थकारण यांसारख्या थोर विषयांची चर्चा होत आली आहे. मी आज विषय घेतला आहे तो त्या मानाने धाकटा. तीन ते सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवण्याचे काम जी माणसे पत्करतात, ती ते का पत्करतात, एवढाच माझा प्रश्न आहे. प्रश्न धाकटा असला तरी त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे, हे शेवटी ध्यानात येईल.

या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे आपल्याकडे तयार असतात. एक, ‘त्यांना मुलांची आवड असते’. दुसरे, ‘हा मोठा त्याग आहे’. सत्कारसमारंभात ही दोन्ही वाक्ये हमखास ऐकू येतात. ती खोटी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु इतिहासाचा कौल घेतला तर गोष्ट इतकी सोपी दिसत नाही, आणि इतिहासाने दिलेले उत्तर या दोहोंपेक्षा अधिक माणुसकीचे आहे, असे मला वाटते.

प्रथम जुन्या पंतोजीकडे पाहू. गावातल्या ओसरीवर किंवा देवळात शाळा भरवणारा, धुळाक्षरे गिरवून घेणारा, पाढे घोकवून घेणारा आणि हाताशी छडी ठेवणारा हा गृहस्थ आपल्या वाङ्मयात चेष्टेचा विषय झाला आहे. त्याने हे काम का पत्करले, असे त्याला कोणी विचारले असते तर त्याला प्रश्नच कळला नसता. अक्षर आणि हिशेब ही त्याची मिळकत होती. पालकांकडून येणारे धान्य, सणावारी मिळणारा शिधा आणि थोडाबहुत पैसा यांवर त्याचा प्रपंच चाले. पोट हीच त्याची प्रेरणा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. शेतकरी शेत कसतो तेही पोटासाठीच.

पुढे सरकारी शाळा आल्या, पगारी मास्तर आले, तरी पहिल्या इयत्तांचा मास्तर हा खालच्या पायरीवरचाच राहिला. ज्याला अधिक शिकता आले तो हायस्कुलात जाई, कचेरीत जाई. ज्याला जमले नाही तो मुळाक्षरे शिकवी. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमके याच वर्मावर बोट ठेवले. उच्च शिक्षणावर पैसा ओतायचा आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष करायचे, हे धोरण उलटे आहे, असे त्यांनी बजावले. प्राथमिक शिक्षक शेतकरीवर्गातूनही यावेत, आणि त्यांचा पगार चांगला असावा, असा त्यांचा आग्रह होता. पगाराची बाब बोलायला जोतीरावांना संकोच वाटला नाही, हे ध्यानात ठेवावे. ज्याने स्वतः शाळा चालवल्या, ज्याच्या पत्नीने, सावित्रीबाईंनी, १८४८ पासून पुण्यात शिकवताना लोकांचा रोष सोसला, त्याला त्याग म्हणजे काय हे आपण सांगण्याची गरज नव्हती. तरीही त्याने त्यागावर शाळा उभारा असे म्हटले नाही.

आता आपल्या या किनाऱ्याकडे वळू. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, पण किनारा तोच आहे. येथील गावांत शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजाची आडनावेच या किनाऱ्याचा नकाशा आहेत: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मिशनने मुंबईत आणि कोकणात मराठी शाळा काढल्या, तेव्हा त्यांत या समाजातील मुले शिकली आणि काही माणसे मास्तरही झाली. घाण्यावरून शाळेत येणे हे त्यांच्यासाठी केवळ पोटाचे साधन नव्हते. त्यात प्रतिष्ठा होती, आणि आपल्या पुढच्या पिढीला हात देण्याची संधीही होती. याच समाजातील हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी सहकाऱ्यांसह १८७५ साली मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या शाळेचे मुख्याध्यापकपद १९२२ ते १९५० इतका दीर्घकाळ रिबेका रूबेन यांनी सांभाळले. हुजूरपागेत शिकलेल्या आणि १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत चमकलेल्या या बुद्धिमान बाईंनी आपले आयुष्य आपल्या लहान समाजाच्या शाळेत घालवले. ज्या समाजाने आपल्याला घडवले त्याचे देणे फेडणे, ही प्रेरणा पंतोजीच्या प्रेरणेहून निराळी आहे.

याच किनाऱ्यावरचे दुसरे उदाहरण जंजिऱ्याच्या राजघराण्याशी संबंधित आहे. जंजिऱ्याच्या नवाबांच्या पत्नी नाझली बेगम यांच्या भगिनी अतिया फैजी यांना १९०६ साली शिक्षिकेचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. पडद्याची चाल असलेल्या काळात एका मुसलमान तरुणीने शिक्षिका होण्याच्या हेतूने समुद्र ओलांडावा, ही सामान्य गोष्ट नव्हती. तेथून त्यांनी बहिणींना पाठवलेला रोजनिशीवजा मजकूर पुढे उर्दूत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. परंतु प्रकृतीच्या कारणाने तो शिक्षणक्रम पुरा न करताच त्या १९०७ साली परतल्या. संगीत, कला आणि समाजकार्य यांत त्यांनी पुढे नाव मिळवले; वर्गातली शिक्षिका मात्र त्या झाल्या नाहीत. यात त्यांना उणे लेखण्याचे कारण नाही. माझे म्हणणे एवढेच, की हौस, बुद्धी आणि संधी या तिन्ही गोष्टी असूनही माणूस या कामात राहतोच असे नाही. मग जी राहिली, त्यांना कशाने धरून ठेवले?

येथे महाराष्ट्राच्या इतिहासातील एक कटू सत्य पुढे येते. आपल्याकडील स्त्रीशिक्षिकांची पहिली मोठी फळी विधवांमधून उभी राहिली. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना फ्रेबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. विधवेला स्वतःच्या पायावर उभे करायचे तर तिला शिक्षिका करावे, हा त्यांचा विचार होता. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापला आणि १९०० पासून हिंगण्याच्या माळावर तो वाढवला, त्यामागेही हाच हिशेब होता. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातील सेवासदनाने शिक्षिका तयार करण्याचे काम पुढे नेले. ज्या घरात विधवा सून ही दोन वेळच्या अन्नाची ओझ्याची धनीण समजली जाई, त्याच घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी मास्तरीण झाल्यावर तिच्या शब्दाला वजन आले. तिने हा पेशा निवडला असे म्हणणेही कित्येकदा धाडसाचे होईल. दुसरी दारे बंद होती, हे एक उघडे होते. त्यातून ती आत शिरली.

अनुताई वाघांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न आणि अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य. पुढे व्हर्नाक्युलर फायनल, मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातील शिक्षण, चांदवडकडे शिक्षिकेची नोकरी, आणि नंतर पुण्यात हुजूरपागेत कित्येक वर्षे अध्यापन. येथपर्यंतची कथा त्या काळातील अनेक विधवा शिक्षिकांची आहे. १९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांसाठी शिबिर भरले. त्या शिबिराला अनुताई गेल्या, तेथे त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली, आणि पुण्याची वाट सोडून त्या ताराबाईंबरोबर समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या.

ताराबाईंची वाट निराळ्या दिशेने आली होती. मुंबईच्या प्रार्थनासमाजी घरात १८९२ साली जन्मलेल्या, १९१४ साली पदवीधर झालेल्या ताराबाईंचे वैवाहिक आयुष्य फार काळ टिकले नाही. १९२१ च्या सुमारास लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मान होता, पद होते. तेथे असताना त्यांना माँटेसोरीबाईंच्या विचारांची आणि भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराची ओळख झाली, आणि १९२३ साली त्या प्राचार्यपद सोडून भावनगरला बालमंदिरात काम करायला गेल्या. मोठ्यांना शिकवणारी बाई लहानांकडे वळली, म्हणजे जगाच्या हिशेबाने पायरी उतरली. ही पायरी तिने एका विचारासाठी उतरली. मूल ही रिकामी पाटी नाही, त्याच्या हातांना आणि डोळ्यांना स्वतःचे शहाणपण असते, हा तो विचार. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ, १९३६ साली दादरचे शिशुविहार, आणि १९४५ च्या डिसेंबरात बोर्डीचे ग्राम बालशिक्षण केंद्र ही त्याची पुढची पावले.

एक बाई गरजेने या कामात आली आणि दुसरी विचाराने. बोर्डीला दोघी एकत्र आल्या, आणि तेथे जे घडले ते दोघींच्याही मूळ प्रेरणेत बसणारे नव्हते. बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातील मुले येईनात. तेव्हा मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, अशी युक्ती निघाली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून जन्मला. माँटेसोरीची महाग साधने खेड्यात कोठून आणायची? शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांवरून मोजणे, रंग ओळखणे, लहानमोठे लावणे सुरू झाले. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणावरच शाळा भरवली. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरे, म्हणून तिला शाळेत येता येत नसे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे धाकटा पाळण्यात आणि थोरली वर्गात. यातली एकही कल्पना त्यांनी सोबत आणलेली नव्हती. ती त्यांना त्या मुलांनी सुचवली.

माझ्या मते येथे आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. माणूस या कामात कशानेही येवो, पोटाने, वैधव्याने, समाजाच्या ऋणाने किंवा ग्रंथातील विचाराने. तो टिकतो तो समोरचे मूल काय सांगते आहे हे त्याला ऐकू येऊ लागते म्हणून. मुलांची आवड ही बहुधा आधी नसते. ती कामातून येते. येण्यासाठी वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्या माणसाला त्या कामात राहता आले पाहिजे.

म्हणूनच पगाराचा प्रश्न हा प्रेरणेच्या प्रश्नापासून तोडता येत नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि बोर्डीत जन्मलेला अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज रेवस, थळ, वरसोलीपासून मुरुड, श्रीवर्धनपर्यंत आई पहाटे मासळीच्या बाजाराला जाते किंवा शेतावर जाते, तेव्हा तिच्या मुलाला पहिली गाणी, पहिले रंग, पहिली मोजदाद शिकवणारी बाई अंगणवाडीताई असते. पण कागदावर ती शिक्षिका नाही, ‘सेविका’ आहे. तिला मिळते ते वेतन नाही, ‘मानधन’ आहे. या दोन शब्दांत आपल्या सत्काराच्या भाषणांचा सारा दोष उतरला आहे. सेवा म्हटली की मोबदला विचारणे अशोभनीय ठरते, आणि मान दिला की धन कमी दिले तरी चालते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला असा निर्णय द्यावा लागला, की उपदानाचा कायदा अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांनाही लागू आहे. आयुष्यभर राबलेल्या बाईला निवृत्तीच्या वेळी हक्काची रक्कम मिळावी, हे ठरण्यासाठी देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत जावे लागले.

यावर कोणी म्हणेल, की पगार वाढवला तर पगारासाठी येणारेच वाढतील, मुलांची आवड असणारे मागे पडतील. ही शंका प्रामाणिक आहे, पण इतिहास तिच्या बाजूने नाही. पंडिता रमाबाईंनी आणि कर्व्यांनी विधवांना शिक्षिका केले ते पोटासाठीच, आणि त्या गरजवंतांच्या फळीतूनच अनुताई निघाल्या. गरजेने आलेल्या माणसाला दार बंद केले असते तर कोसबाडची टेकडी ओसाडच राहिली असती. उलट, त्या कामात मिळकत पुरी पडत नाही म्हणून जी हुशार मुलगी दोन वर्षांत दुसरीकडे जाते, तिला मुलांचे म्हणणे ऐकू येण्याची वेळच येत नाही.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. दोघींचा मान झाला, योग्यच झाले. परंतु त्यांच्या मागून त्याच अंगणात जाऊन बसलेल्या हजारो बायांना पदके देता येणार नाहीत, आणि त्यांनी ती मागितलेलीही नाहीत. पुढच्या खेपेस आपल्या गावच्या अंगणवाडीताईचा सत्कार करण्याची वेळ येईल तेव्हा शालीचा खर्च अवश्य करावा. मात्र त्याआधी तिच्या खोलीचे छप्पर गळते का, आहाराचे बिल वेळेवर निघते का, आणि महिन्याचे पैसे महिन्याला हाती पडतात का, एवढी चौकशी आपण ग्रामस्थांनी करावी. ती या कामात का आली हे तिला विचारण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतर प्राप्त होईल.