जाधवराव, लखुजी

जाधवराव, लखुजी : (? – २५ जुलै १६२९). निजामशाहीतील मातब्बर मराठा सरदार, सिंदखेडचे देशमुख आणि राजमाता जिजाबाईंचे वडील. त्यांच्या वतनाचे गाव म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील आजचे सिंदखेडराजा. हे घराणे आपली वंशपरंपरा देवगिरीच्या यादवांशी जोडते.

लखुजींच्या पत्नी म्हाळसाबाई. गिरिजाबाई या नावानेही त्यांचा उल्लेख येतो. दत्ताजी, अचलोजी, रघुजी व बहादूरजी हे त्यांचे मुलगे. जिजाबाईंचा जन्म सिंदखेडच्या वाड्यात झाला. १२ जानेवारी १५९८ ही तारीख आज रूढ आहे. त्यांचा विवाह मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजी यांच्याशी झाला. रंगपंचमीच्या दिवशी लखुजींनी थट्टेने काढलेला शब्द मालोजींनी सोयरिकीचा ठराव मानला, ही कथा बखरींतली आहे. खंडागळे यांच्या बिथरलेल्या हत्तीवरून दौलताबादेत दोन्ही घराण्यांत तलवारी निघाल्याची हकिगतही बखरी देतात. तीत दत्ताजी आणि शहाजींचे चुलतभाऊ संभाजी मारले गेले.

१६२१ च्या सुमारास लखुजी मोगलांकडे गेले. जाधव कुटुंबाची एकत्रित मनसब २४,००० जात व १५,००० स्वार असल्याची नोंद शाहजहानकालीन फार्सी तवारिखेत आहे. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत सासरे मोगलांच्या बाजूने, तर जावई निजामशाहीच्या बाजूने उभे होते.

पुढे लखुजींनी पुन्हा निजामशाहीशी जुळवून घेतले. १६२९ मध्ये दौलताबाद येथे भेटीस गेले असता निजामशहाच्या हुकमावरून त्यांची दगाबाजीने हत्या झाली. अचलोजी, रघुजी व नातू यशवंतराव हेही त्यांच्यासोबत मारले गेले. मागे राहिलेल्या म्हाळसाबाई, बहादूरजी व लखुजींचे बंधू जगदेवराव यांनी मोगलांचा आश्रय घेतला. शहाजीही लवकरच निजामशाही सोडून मोगलांना मिळाले.

अचलोजींचे पुत्र संताजी यांना जिजाबाईंनी आपल्याजवळ वाढवले. त्यांच्याच शाखेत मराठ्यांचे सेनापती धनाजी जाधव जन्मले. बापाने बादशाही मनसब घेतली, लेकीने स्वराज्याचा पाया घालण्यास बळ दिले. एकाच घराण्यातील हे दोन मार्ग सतराव्या शतकातील वतनदारांपुढचा पेच दाखवतात. लखुजींची भव्य समाधी व जिजाबाईंच्या जन्माचा वाडा सिंदखेडराजा येथे आहे. दर वर्षी १२ जानेवारीला तेथे जिजाऊ जन्मोत्सव भरतो.